चकाकीचं वाण

माझ्या सासूबाईंना, म्हणजे कुंदाबाई डाखोरे यांना, देवाने सगळे गुण दिले आणि एकच खोड दिली. दुसऱ्याने घासलेलं भांडं त्यांना घासलेलं वाटत नाही. लग्न होऊन मी साताऱ्याहून करंजघाटला आले, तेव्हा तिसऱ्याच दिवशी त्यांनी मी घासलेला पितळी गडवा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, गोल फिरवला आणि मला विचारलं, "याच्यात तुले तुझं तोंड दिसते का पोरी?"

"दिसतंय की. थोडं पुसट."

"मंग हे घासलं नाई, भिजवलं," म्हणाल्या आणि गडवा मोरीत परत ठेवला.

भांडी धुणारं यंत्र आमच्याकडे आहे. माझ्या नवऱ्याने, अक्षयने, कोकण किनाऱ्यावरच्या पवनचक्क्यांच्या नोकरीतल्या पहिल्या पगारात ते आईसाठी आणलं. आई त्यात कांदे ठेवतात. फडताळावर तांब्या-पितळेचे पाण्याचे गुंड, गडवे, परात, समई अशी फौज उभी असते आणि सकाळचं ऊन आलं की स्वयंपाकघरात दिवा लावायची गरज पडत नाही. आल्यागेल्याने त्याचं कौतुक केलं की सासरे, आमचे बाबा, खुर्चीतून म्हणतात, "एवढं माह्याकडे पाह्यलं असतं तर मीही चकाकलो असतो." त्यावर आई म्हणतात, "तुमाले किती घासलं, तुमचा रंगच पक्का."

करंजघाट चंद्रपूरच्या पुढे दीड तासावर. इथे तांबं गाळणारा कारखाना होता. तो बंद पडून चौदा वर्षं झाली, तरी चिमणी अजून उभी आहे, कारण ती पाडायची कोणी हा वाद मिटलेला नाही. माझे सासरे पुंडलिकराव तिथे एकतीस वर्षं पिशवीघरात होते. भट्टीतला धूर थेट चिमणीत जात नसे. आधी तो एका मोठ्या खोलीत यायचा. तिथे उशीच्या अभ्र्यासारख्या, पण दोन मजली उंच अशा शेकडो कापडी पिशव्या टांगलेल्या असत. धूर पिशवीतून गाळला जाई आणि धूळ आत अडके. ती धूळ झटकून खाली काढणं हे बाबांचं काम. तोंडाला बांधायला त्यांना रुमाल मिळत असे. वर्षाला दोन. हे मला कळलं तेव्हा मी इतकी चिडले, की बाबाच माझी समजूत काढायला लागले, "अवं, धुवून वापरत होतो ना."

मी इथल्या आरोग्य केंद्रात तंत्रज्ञ आहे. दोन हजार बेचाळीसच्या दिवाळीनंतर आमच्याकडे श्वासपारखी हे यंत्र आलं. तांबं, जस्त, शिसं गाळणाऱ्या गावांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त असतं हे जुनंच ज्ञान. पण तो कोणाला होणार, हे आजार बोकांडी बसल्याशिवाय कळत नसे. श्वासपारखीने ते बदललं.

त्याची गंमत अशी. फुप्फुसाच्या आतल्या पेशी झिजतात आणि त्यांचे कण आपल्या उच्छ्वासाच्या वाफेतून बाहेर पडतात. काचेच्या नळीत दहा मिनिटं संथ फुंकलं, की ती वाफ थंड पट्टीवर दवासारखी जमते. त्या दवात पेशींच्या डीएनएचे तुकडे असतात. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर, आणि प्रत्येक विष त्या मजकुरात आपापल्या धाटणीच्या चुका करतं. तंबाखूचा धूर एका प्रकारच्या, आर्सेनिक दुसऱ्या प्रकारच्या. कोणती चूक आधीची, कोणती नंतरची हे पेशींच्या पिढ्यांवरून काढता येतं. त्यामुळे विष साधारण कोणत्या साली आत गेलं तेही समजतं. शिवाय त्याच दवात धातूंचे नाममात्र अंश असतात. कोणता धातू किती, यावरून धूळ भट्टीजवळची, चिमणीतून निसटलेली की पिशव्यांत अडकलेली, हे ओळखता येतं. आणि चुकलेल्या पेशींचा डाग तांदळाच्या दाण्याहून लहान असेल, तर सहा महिने एक फवारा नाकावाटे ओढायचा. तो शरीराच्या रखवालदारांना त्या पेशी ओळखायला शिकवतो आणि डाग विरून जातो. दाण्याहून मोठा झाला, की मग जुनी लढाई, जुनीच औषधं.

गावातल्या बायकांनी यंत्राचं नाव पहिल्याच दिवशी फुंकणी ठेवलं. चुलीपुढच्या फुंकणीची सवय असलेल्या आज्या तर असा दम लावत, की मला ओरडावं लागे, "आजी, हळू! विस्तव नाही पेटवायचा!"

महिनाभरात चारशे जणांनी फुंकलं. कारखान्यातल्या पुरुषांच्या फुप्फुसांत भट्टीची धूळ निघाली. ते अपेक्षित होतं. सगळ्या गावात थोडी थोडी चिमणीची निघाली. तेही अपेक्षित होतं. पण कारखान्याच्या वसाहतीत राहिलेल्या सत्तावीस बायकांच्या अहवालात स्रोत म्हणून लिहून आलं, पिशवीघर. साल, दोन हजार आठच्या आसपास. प्रमाण नवऱ्यांपेक्षा जास्त. त्या सत्तावीस जणींत कुंदाबाई डाखोरे होत्या. त्यांचा डाग तिळाएवढा होता.

तीळ म्हणजे बरा होणारा. हे मला माहीत होतं, मी रोज लोकांना तेच सांगते. तरी अहवालावर आईंचं नाव पाहिल्यावर मी स्टुलावर बसून आकडा पुन्हा तपासला.

नागपूरच्या मुख्य प्रयोगशाळेतल्या डॉक्टर बेहेरेबाई पडद्यावर आल्या. "प्रांजली, पिशवीघरात बायका कामाला होत्या का?"

"एकही नाही."

"नवऱ्यांचे कपडे धुताना?"

"पिशवीघरात फक्त अकरा माणसं होती मॅडम. आणि या सत्तावीस जणींत पोस्टमास्तरांची बायको आहे, शाळेतल्या बाई आहेत. एक तर शिंपीण आहे."

"म्हणजे जी धूळ पकडून ठेवली होती, ती चालत घरोघर गेली?" बेहेरेबाई स्वतःच्या प्रश्नावर हसल्या. मला हसू आलं नाही.

दुपारी जेवताना मी सहज विचारलं, "बाबा, पिशवीघरातली धूळ वसाहतीत कशी पोचली असेल हो?"

बाबांचा अंबाडीच्या भाजीचा घास हातातच राहिला. आई ताक घुसळत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. बाबा म्हणाले, "वाऱ्यानं." आणि भाजी अर्धी टाकून उठले. माझ्या सासऱ्यांनी अंबाडीची भाजी टाकली, हे या घरात याआधी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चाल, फिरून येऊ." आम्ही कारखान्याच्या बंद फाटकापर्यंत गेलो. तिथल्या कठड्यावर ते बसले. सत्तरीचा माणूस, पण त्या दिवशी शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा दिसत होता.

"थे पावडर मी आणली," ते म्हणाले.

"कुठली पावडर?"

"पिशव्या झटकल्या की खाली पडे ना, पिठावानी बारीक. एक दिवस माहा पितळी डबा तिच्यात पडला. उचलून पुसला तर सोन्यावानी झाला. चिंच नाई, लिंबू नाई. मले लगेच तुह्या सासूचं तोंड दिसलं." ते थोडे हसले. "साहेबाले विचारलं. थे म्हणे, ने ना, कचराच आहे. मंग मी डब्यात भरून आणत गेलो. कुंदा एवढी खूश झाली, काय सांगू तुले! लुगडं आणलं तरी एवढी झाली नसती."

मी डोळे मिटले. त्या धुळीत गंधकाचे आंबट क्षार असतात, पितळ त्यानेच चकाकतं. आणि त्यातच आर्सेनिक असतं.

"ओली करून घासायच्या ना?" मी आशेने विचारलं.

"नाई. पाणी लागलं की काळी पडे. कोरडीच. नारळाची शेंडी घेऊन कोरडीच घासायची. ढग उडे नुसता."

"पण बाबा, ही आपल्या घरची गोष्ट झाली. बाकीच्या सव्वीस जणी?"

त्यांनी चिमणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन हजार आठच्या संक्रांतीले कुंदानं तिचं वाण लुटलं."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येक बाई काहीतरी वाण देते. कोणी वाटी, कोणी साबणाची वडी, कोणी कंगवा. आणि माझ्या सासूबाईंनी, ज्यांना आपली चकाकी एकटीने भोगणं जमत नाही, त्यांनी बटवे शिवून त्यात ती पावडर भरली आणि अख्ख्या वसाहतीला वाटली. नंतर बायका मागायला येऊ लागल्या. दोन-तीन वर्षं बाबा डबे भरभरून आणत राहिले.

"पोरी, तू माहं नाव घे. पेपरात छाप, गावात दवंडी दे. पण तिले नको सांगू." बाबांनी माझे दोन्ही हात धरले. "तिच्या हातानं गेलं हे कळलं तर थे अन्न सोडीन. तुले शैला माहीत आहे ना?"

शैला तिमांडे मला माहीत होत्या. नुसत्या फोटोतून. आईंची जिवाभावाची मैत्रीण, भिंतीपलीकडची शेजारीण. कधी विडी ओढली नाही, तंबाखू खाल्ला नाही, आणि सात वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या कर्करोगाने गेल्या. शेवटचे चार महिने आई त्यांच्या उशाशी होत्या.

"शैलाले तिनं सगळ्यात मोठा बटवा देल्ला होता," बाबा म्हणाले आणि तिथेच, भर सकाळी, लोकांची ये-जा चालू असताना, रडले.

मी वचन दिलं. दुसरं काय करणार होते? आईंना मी सांगितलं, की डाग चिमणीमुळे आहे, फवारा घेतला की जाईल. त्यांनी फवारा नाकाला लावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "एवढंच? मले वाटलं सुई टोचतीन."

बाबांना मी नळी दिली. त्यांनी ती घेतली नाही. "माहं काय पाहायचं? मले झालं असन तर बरंच झालं," म्हणाले. मी रागावले, समजावलं, अक्षयला फोनवर घातलं. अक्षयने स्वतः रत्नागिरीत फुंकलं होतं आणि त्याच्या दवात काही निघालं नव्हतं. बाबा ऐकेनात.

वचन पाच दिवस टिकलं.

सत्तावीस जणी सापडल्या त्या करंजघाटात राहिल्या म्हणून. कारखाना बंद झाल्यावर अर्धी वसाहत पांगली होती. वाण घेतलेल्या आणखी कितीतरी बायका कुठे नागपूरला, कुठे भिलाईला, कुठे लेकाकडे पुण्याला. त्यांना आपल्या छातीत काय आहे याचा पत्ताही नव्हता. आमच्या सत्तावीसपैकी तिघींचे डाग तांदळाच्या दाण्याला टेकले होते. बेहेरेबाईंनी सरळ सांगितलं, "बाकीच्यांना या हिवाळ्यात शोधा. पुढच्या हिवाळ्यापर्यंत काहींना उशीर झालेला असेल." मी सात-आठ जणींना आडून विचारून पाहिलं. पस्तीस वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाला कोण कोण होतं? एकीलाही सांगता येईना. ते फक्त देणारीला आठवणार होतं.

म्हणजे एका बाजूला माझ्या सासूचा जीव शांत राहणं, आणि दुसऱ्या बाजूला कुठल्या कुठल्या अनोळखी बायांचा जीवच. मी मोठी धीराची आहे असं नाही. पण अहवालातला रिकामा रकाना मला सहन होत नाही, आणि इथे तर रकान्यात माणसं होती.

रविवारी दुपारी आई मोरीत गुंड घासत होत्या. हल्ली चिंचेने घासतात. मी शेजारी पाटावर बसले आणि सांगून टाकलं. बाबांचा डबा, पिशवीघर, पावडर, बटवे. शैलाकाकूंचं नावही घेतलं.

आईंचा हात थांबला नाही. त्यांनी गुंड पूर्ण घासला. आतून, बाहेरून, गळ्याशी, बुडाशी. पाण्याने धुतला. फडक्याने पुसला. पालथा घातला. मग मला विचारलं, "थे किती दिवसांपासून माहीत आहे यायले?"

'यायले' म्हणजे बाबांना.

"पाच दिवस."

"अन् मले सांगू नको म्हणाले?"

"तुमच्या काळजीने, आई."

त्या उठल्या आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजल्या. बाबांचं भाकीत खरं ठरलं. रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. फवारा मात्र घेतला, मी समोर उभी राहिले म्हणून. बाबांशी बोलणं बंद. काही हवं असलं तर माझ्यामार्फत. "त्याईले सांग, पंखा बंद करा म्हणा." बाबा दोनच हात अंतरावर बसलेले. "हो," म्हणून पंखा बंद करायचे. मी वचन मोडलं म्हणून बाबा माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला एकच वाक्य म्हटलं, "मले जमलं नाई, तुले जमलं." त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले होते, तेवढ्यात आतून हाक आली. "प्रांजली! इकडे ये. लिहून घे."

आई पलंगावर बसल्या होत्या. बाबांच्या अंगावरची गोधडी त्यांनी ओढून घेतली होती. बाबा थंडीत कुडकुडत खुर्चीत.

"मी बटवे कायचे शिवले होते? माह्या जुन्या लुगड्यांचे. उरलेल्या तुकड्यांची ही गोधडी शिवली," त्या म्हणाल्या आणि गोधडीच्या एका हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे माह्या डोहाळजेवणाचं. याचा बटवा झाडेबाईले देल्ला. तिले हिरवा आवडे. हे जांभळं, गेडाम मास्तरच्या बायकोले. नाक मुरडलं होतं तिनं, जांभळा नको म्हणे. हे ठिपक्यांचं निखाड्याच्या दोन्ही सुनाईले, सारखंच द्या लागे, नाईतर भांडण."

मी लिहीत सुटले. माझ्या डोळ्यांदेखत ती गोधडी बोलत होती. पस्तीस वर्षं बाबा जी पांघरून घोरत होते, त्यात एकेक बाई शिवलेली होती. कोणाला कोणता रंग, का, ती काय म्हणाली, आता लेक कुठे असतो. आईंना धरून चाळीस नावं निघाली. म्हणजे आणखी तेरा.

शेवटी एक मोरपंखी तुकडा राहिला. नारायणपेठी. आईंनी त्यावर हात ठेवला.

"शैलाकाकू?" मी विचारलं.

"लग्नातलं लुगडं होतं माहं. तिले लय आवडे. म्हणून तिच्यासाठी कापलं." त्यांनी तुकडा तळव्याने सारखा केला. "मी तिच्या उशाशी बसून देवाले विचारत होती प्रांजली, की काहून इले? इनं कोणाचं काय केलं? अन् देव म्हणत असन, मले काय विचारते बाई."

मी त्यांना धरून बसले. समोर बाबा उभे राहिले, पण जवळ यायची त्यांची हिंमत होईना.

"लेक आहे तिची," आई डोळे पुसत म्हणाल्या. "मयूरी. नागपूरला. शैला भांडे घासे, त्याच मोरीपाशी खेळे थे. लिही."

पत्ते मी शोधले, फोन मात्र आईंनी स्वतः केले. मी म्हटलं होतं, केंद्रातून पत्र पाठवते, सरकारी शिक्का असला की लोक येतात. त्या म्हणाल्या, "वाण मी देल्लं. शिक्का कायले?" प्रत्येकीला त्यांनी तेच सांगितलं, न रडता, न सारवासारव करता. मी संक्रांतीले तुले जे देल्लं होतं, त्याच्यात विष होतं, मले माहीत नव्हतं, तू येऊन फुंकून जा. काही बायकांनी शिव्या घातल्या. एक म्हातारी म्हणाली, "पण माही भांडी काय चमकली होती गं कुंदे!" त्यावर आई फोन ठेवून पहिल्यांदा जेवल्या.

मयूरीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फोन कट झाला. पुन्हा लागला नाही.

जानेवारीत आईंनी जाहीर केलं, की यंदाचं हळदीकुंकू आरोग्य केंद्रात. वाण म्हणून फुंकणीची काचेची नळी. गावात चर्चा झाली. काही जणींचे नवरे आता नव्हते. अशा बायांना हळदीकुंकवाला बोलवायचं नाही ही रीत. आईंनी रीत बाजूला सारली. "पावडर देताना मी नवरा पाहून देल्ली का? मंग आता काहून पाहू?" बेहेरेबाई स्वतः फवाऱ्याचे खोके घेऊन आल्या आणि हातावर तिळगूळ घेऊन गोंधळून उभ्या राहिल्या. असं तपासणी शिबिर त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं.

बाबा बाहेर खुर्च्या मांडत होते. सकाळपासून त्यांनी त्या तीनदा मांडल्या होत्या. बायकांच्या कार्यक्रमात त्यांचं काम नव्हतं, आणि घरी बसवतही नव्हतं. आईंचं त्यांच्याशी बोलणं अजून पंख्यापुरतंच होतं.

बाया आल्या. भिलाईहून गेडामबाई आल्या, जांभळी साडी नेसून, मुद्दाम. निखाड्यांच्या दोन्ही सुना आल्या, अजून एकमेकींशी न बोलता. पिंपळशेंडेबाईंना लेकाने उचलून आणलं. आई प्रत्येकीला हळद लावत, कुंकू लावत, विचारून, हवं असेल तिलाच, आणि हातात नळी देत. "घे माय. या टायमाले चांगलं आहे." एका ओळीत बसून सगळ्या जणी संथ फुंकत होत्या. एवढ्या बायका एका खोलीत आणि दहा मिनिटं कोणी बोलत नाही, असं करंजघाटात पहिल्यांदाच घडलं असेल. संध्याकाळपर्यंत चाळीस नावांपुढे मी खूण केली, मयूरीचं तेवढं राहिलं. गावातल्या सत्तावीस आधी फुंकलेल्या, त्यांनाही आईंनी पुन्हा बोलावलं होतं, मान म्हणून. पाहुण्या आलेल्यांत पाच जणींचे डाग निघाले, पाचही दाण्याहून लहान.

सगळ्या गेल्यावर मी सतरंजी गुंडाळत होते. आई तबकातलं उरलेलं कुंकू पाहत बसल्या होत्या. तेव्हा दारात एक चाळिशीची बाई येऊन उभी राहिली. चपला काढल्या नाहीत.

"मयूरी," आई म्हणाल्या. तबक बाजूला सरकवलं.

मयूरीने पर्समधून एक बटवा काढला. मोरपंखी, नाडी तुटलेला. "आईच्या पेटीत होता, काकू. रिकामा. तिनं यात माझे दुधाचे दात ठेवले होते." तिने बटवा मुठीत धरला. "इतके दिवस मी तुमचा राग राग केला. मग वाटलं, आई असती तर तुमच्यासाठी भांडली असती माझ्याशी."

"राग कर," आई म्हणाल्या. "तुहा हक आहे बाई. पण फुंकून जा. राग फुंकल्यावर कर."

मयूरीने चपला काढल्या आणि आईंच्या समोर बसून कपाळ पुढे केलं. आईंचा हात इतका कापत होता, की कुंकू भुवईवर लागलं. दहा मिनिटं मयूरी फुंकत होती आणि आई तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. मी पट्टी यंत्रात घातली. डाग होता. तिळाहूनही लहान. मी तो आकडा दोनदा वाचून दाखवला. मयूरी आईंच्या मांडीत डोकं घालून मोठ्याने रडली, लहान पोरीसारखी, आणि आईही.

बाबा दाराबाहेर, खुर्च्यांच्या थप्पीला टेकून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते हळूच निघून जायला वळले.

"अहो!" आईंनी हाक मारली. माझ्यामार्फत नाही, थेट. "कुठं चालले? आत या."

"बायाईचं आहे ते, कुंदा."

"या म्हणते ना."

ते आले. आईंनी त्यांना पाटावर बसवलं. आयुष्यात बाबांनी हळदीकुंकू पाहिलं असेल ते खिडकीतून. आईंनी बोट कुंकवात बुडवलं आणि त्यांच्या कपाळावर टेकवलं. यावेळी हात कापला नाही. मग तबकातली शेवटची नळी उचलून त्यांच्या हातात दिली.

"मले नको," बाबा पुटपुटले. "मी तुमा सगळ्याईले..."

"तुमी मले वाण आणून देल्लं होतं ना, एवढं प्रेमानं? मी घेतलं. नाई म्हटलं नाई." आईंनी त्यांची बोटं नळीभोवती मिटवली. "आता मी देऊन राहिली. घ्या."

बाबांनी नळी ओठांना लावली. डोळ्यांतलं पाणी गालावरून नळीवर आलं, ते आईंनी पदराने पुसलं.

"हळू," त्या म्हणाल्या. "घाई नाई आपल्याले."